धक्का नसलेलं बेट

३ जानेवारी

"तुला पोहता येत नाही तोवर तू माझ्याबरोबर यायचं नाहीस."

ताई हे म्हणाली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि मी दहा. आता ती एक्कावन्न, मी सेहेचाळीस. मधल्या काळात तिने मला शेकडो गोष्टी सांगितल्या असतील, त्यातल्या बऱ्याच चांगल्या होत्या. लक्षात मात्र हीच राहिली.

बाबांच्या कारखान्याच्या वसाहतीमागे तळं होतं. सुट्टीच्या दिवशी होडीवाला मुलांना पलीकडच्या काठावर नेऊन आणायचा. त्या दिवशी ताई आणि तिच्या तीन मैत्रिणी निघाल्या होत्या, मी शेपटासारखी मागे. होडीवाल्याने विचारलं, पोहता कोणाकोणाला येतं? मैत्रिणींपैकी कोणालाच येत नव्हतं. मी पुढे होऊन ठसक्यात सांगितलं, "आमच्या ताईला येतं." तो म्हणाला, मग काय काळजी नाही, बसा सगळ्या हिच्या भरवशावर. तेव्हा ताई माझ्याकडे वळली आणि ते वाक्य म्हणाली. मैत्रिणी हसल्या. मी घरापर्यंत रडत गेले, एकदाही मागे वळून पाहिलं नाही. रडून रडून झोप लागली. उठले तेव्हा ताई घरात होती आणि तिचा फ्रॉक कोरडा ठणठणीत होता. मला वाटलं, काय ही पटाईत, अंगावर शिंतोडासुद्धा उडू देत नाही.

हे सगळं आज आठवलं कारण मी ताईला फोन करून विचारलं, पाच बेटांच्या सहलीला येतेस का? बोटीने, सहा दिवस, एप्रिलमध्ये, आपण दोघीच. मला वाटलं होतं ती कामाचं कारण सांगेल. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "येते." आणि लगेच, "पत्रक पाठव, नियोजन मी करते."

९ जानेवारी

ताई मोठी वही, पट्टी आणि तीन रंगांची पेनं घेऊन आली. ती इंजिनियर आहे, पुलांची. नवे बांधते, जुने तपासते. कुठेही जायचं म्हटलं की आधी तक्ता आखते. मी चहा ठेवेपर्यंत तिने सहा दिवसांचे सहा रकाने पाडलेही होते.

या बेटांची आमची जुनी ओळख आहे. शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात समुद्रात एका ओळीत पाच ठिपके होते, ते आम्ही वाटून घेतले होते. पहिलं, तिसरं, पाचवं तिचं. दुसरं आणि चौथं माझं. तिला तीन का, तर ती मोठी. दुसऱ्या बेटावर आता हॉटेलं झाली आहेत. चौथ्यावर अजून कोणी राहत नाही. एक बंद पडलेलं दीपगृह आहे आणि पांढरी वाळू. मी सबंध लहानपण त्या दीपगृहात राहत होते, मनातल्या मनात.

ताई चौथ्या रकान्याशी येऊन थांबली. "या बेटाला धक्का नाही," म्हणाली.

मी म्हटलं, "मग तो मला बसला." ती हसली नाही.

तिने बोटवाल्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. बोट लांब नांगर टाकते. तिथून रबरी होडीने पुढे जायचं. पण खडकांमुळे तीही काठापर्यंत जात नाही, शेवटचं अंतर पाण्यातून. बहुतेक ठिकाणी छातीइतकं आहे, मध्ये एक पट्टा खोल आहे. दोरी बांधलेली असते, आमचा माणूस असतो, तरी ज्यांना पोहता येतं त्यांनाच आम्ही उतरवतो, बाकीच्यांनी बोटीवर जेवून घ्यायचं.

ताईने लाल पेन उचललं आणि चौथं बेट खोडलं.

"कोणासाठी खोडलंस?" मी विचारलं.

"आपल्यासाठी," ती म्हणाली आणि पाचव्या दिवसाकडे वळली.

आपल्यासाठी. किती नीटनेटकं बोलते. सरळ म्हणाली असती की तुझ्यामुळे, तरी चाललं असतं. छत्तीस वर्षं झाली आणि मी अजून तिच्या मागचं शेपूटच आहे. मी आडवी आले नसते तर ती दोन हात मारून पलीकडे गेली असती.

१० जानेवारी

ठरवलं. पोहायला शिकायचं. ताईला सांगायचं नाही. एप्रिलमध्ये त्या खडकांजवळ होडी थांबली की मी तिच्या आधी पाण्यात उतरणार.

१४ जानेवारी

आज पहिला दिवस. नगरपालिकेचा बंदिस्त पूल, सकाळी साडेसहा ते साडेसात फक्त बायका. कपडे बदलायच्या खोलीत ओल्या लाद्या, औषधाचा वास आणि एकच आरसा. आम्ही सहाजणी, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. टोपी घातल्यावर सगळ्या एकाच घरातल्या दिसायला लागलो.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या आहेत. त्यांच्या गळ्यात शिट्टी आहे, पण ती त्या वाजवत नाहीत. उथळ बाजूला उभं केलं, पाणी छातीपर्यंत. म्हणाल्या, "हातपाय नंतर. आधी श्वास सोडायला शिका. घ्यायला सगळ्यांनाच येतं." तोंड पाण्यात घालायचं, नाकातोंडाने बुडबुडे सोडायचे, डोकं बाहेर काढून फक्त घ्यायचा. सोडायचा पाण्यात, घ्यायचा बाहेर. मी उलट केलं आणि अर्धा पूल प्यायले.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, डोळे लाल दिसतायत, रडलीस का? म्हटलं, नाही, शिकतेय. तो म्हणाला, या वयात रडायला शिकतेयस? त्याला खरं सांगितलं. आईला सांगितलं तेही गुपचूप ठेवायच्या अटीवर.

२२ जानेवारी

आज दुकानात एक आजोबा आले होते. गाडी चालवायचा परवाना पुन्हा काढायचाय, त्यासाठी डोळ्यांचा दाखला हवा. मी चष्म्याच्या दुकानात एकोणीस वर्षं नंबर काढते आहे. उजवा डोळा झाकला, त्यांनी तक्त्याची शेवटची ओळ खाडखाड वाचली. डावा झाकला, पुन्हा तेवढ्याच वेगाने. इतका वेग डोळ्यांना नसतो, तो पाठांतराला असतो. बाहेर बाकावर बसल्या बसल्या दारातून तक्ता दिसतो, तिथून चांगल्या डोळ्याने पाठ करून ठेवतात.

मी म्हटलं, आता हीच ओळ उजवीकडून डावीकडे वाचा. त्यांनी तोंड तक्त्यावरून वळवलं. मग म्हणाले, "मुलाने विचारलं होतं, बाबा, दिसतं ना नीट? मी म्हटलं, हो."

एवढंच असतं. लोक खोटं बोलायला म्हणून बोलत नाहीत. कोणीतरी एकदा विचारलेलं असतं, 'हो' म्हणून झालेलं असतं, आणि मग ते 'हो' निभावत बसावं लागतं. त्यांना नवा नंबर लिहून दिला आणि दाखला महिनाभराने देते म्हटलं.

२९ जानेवारी

ताईचा फोन. आवाज करडा.

"आई सांगत होती, तू रोज सकाळी पुलावर जातेस."

आईच्या पोटात काही राहत नाही, पण निदान अर्धवट बाहेर पडलं. मी म्हटलं, हो, चालायला.

"कोणत्या पुलावर?"

म्हटलं, जुन्या.

"जुन्या पुलाच्या डाव्या कठड्याला टेकू नकोस, त्याचे तीन खांब हलतात. मी अहवाल दिलाय, अजून दुरुस्ती नाही. आणि वाकून खाली पाणी बघत बसू नकोस, छोटे."

एक्कावन्न वर्षांची बाई सेहेचाळीस वर्षांच्या बाईला छोटे म्हणते. हसू येत होतं ते दाबलं. मग अंगात काय संचारलं कोण जाणे, म्हटलं, ताई, सहज विचारते, पोहताना श्वासाचं काय करतात गं?

ती लगेच म्हणाली, "डोकं खाली असेल तेव्हा धरून ठेवायचा, वर आलं की सोडायचा. त्यात काय."

बाई शिकवतात त्याच्या बरोबर उलट. पूर्वी तसं शिकवत असतील.

३० जानेवारी

बाईंना विचारलं की आमच्या ताईची पद्धत अशी अशी आहे, जुनी असेल का? बाई म्हणाल्या, "अशी पद्धत नाही. तसं केलं तर माणूस चार हात पोहून थांबेल. तुमच्या ताई फार लांब जात नसतील."

मला रागच आला. म्हटलं, ताईला सगळं येतं.

५ फेब्रुवारी

बोटवाल्याकडून फॉर्म आला. एक मार्चपर्यंत भरून पाठवायचा. नाव, वय, रक्तगट, चालू औषधं, आणि शेवटचा रकाना: पोहता येतं का. ताईला फोन केला तर ती घाईत होती. म्हणाली, माझंही तूच भर. शेवटचा रकाना वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुला माहीत आहे ना, मग भर." आणि फोन ठेवला.

ताईपुढे 'होय' लिहिलं, एका फटक्यात, विचार न करता. हे उत्तर आमच्या घरात मला फार लहानपणापासून पाठ आहे. शिलाईचं मशीन अडकलं, ताईला येतं. वीज गेली, ताईला येतं. बाबांचं इंग्रजी पत्र, शेजाऱ्यांचं गणित, पाहुण्यांसमोर गाणं, ताईला येतं. आई हाक न मारता नुसती तिच्याकडे बघायची. मला कधी काही यावंच लागलं नाही.

माझा रकाना कोरा ठेवलाय, पेन्सिलने टिंब करून.

११ फेब्रुवारी

आज अर्धी रुंदी. मग पाय टेकले.

१५ फेब्रुवारी

रविवार. आईच्या चष्म्याची दांडी घट्ट करून देत होते, तेव्हा सहज विचारलं, ताईला पोहायला कोणी शिकवलं गं?

"कोणी म्हणजे? तिला येतंच."

"पण शिकवलं कोणी? बाबांनी?"

"त्यांना कुठे येत होतं? ते तळ्याच्या बाजूने फिरायलासुद्धा जायचे नाहीत."

"मग?"

आई म्हणाली, काही मुलांना शिकवावं लागत नाही. मी म्हटलं, आई, चालणं नाही ते, पोहणं आहे. ती चिडली. "तूच तर सांगायचीस सगळीकडे, ताईला येतं म्हणून. आणि मला काय विचारतेस, तुम्ही जायचात तळ्यावर, मी नाही."

मग त्या होडीच्या दिवसाचं निघालं. मी म्हटलं, ताई मैत्रिणींबरोबर पलीकडे गेली आणि मला हाकललं. आई म्हणाली, कुठली पलीकडे जातेय? तुझ्या मागोमागच घरी आली. तू फुरंगटून झोपली होतीस आणि ती तिथेच पायरीवर बसली होती, संध्याकाळपर्यंत.

आईला हल्ली तारखा-वारांची सरमिसळ होते. दुसरा कुठला दिवस असेल.

१९ फेब्रुवारी

काल मी पूर्ण रुंदी पार केली. न थांबता, पाय न टेकता, खोल बाजूने. काठाला हात लागला तेव्हा बाईंनी पहिल्यांदा शिट्टी वाजवली. बाकीच्या पाचजणींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ओल्या हातांनी फार मोठ्या वाजतात.

एप्रिलपर्यंत दम निघाला नाही. आज दुपारी दुकानातून सुटी घेऊन थेट ताईच्या ऑफिसात गेले. तिच्या खोलीत कधी निवांत बसले नव्हते. भिंतीवर पुलांचे आराखडे, टेबलावर काँक्रीटचे नमुने कागद दाबायला, दाराजवळ खुंट्यांवर केशरी लाइफ जॅकेटं, नदीत तपासणीला जाताना घालायची, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. बाकीच्यांच्या जॅकेटांची घडीही मोडलेली नव्हती. एका ताईचंच पट्टे झिजून विटलेलं. नियम पाळणारी बाई, दुसरं काय.

मी म्हटलं, चौथं बेट परत घाल. मला येतं. आणि सगळं सांगितलं, जुना पूल, नवा पूल, बुडबुडे, टाळ्या. मला वाटलं होतं ती खुर्चीतून उठेल.

ती "छान" म्हणाली. पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाली, "एप्रिलमध्ये मला मोठ्या पुलाची तपासणी आहे. आजच कळलं. तू तुझ्या नवऱ्याला घेऊन जा."

मी विचारलं, तपासणी पुढे ढकलता येणार नाही का?

"पूल थांबत नाही," ती म्हणाली. पूल ही जगातली सगळ्यात थांबलेली वस्तू आहे, हे मला जिना उतरताना सुचलं.

म्हणजे मला येत नव्हतं तेव्हा मी नको होते, आणि आता येतं तरी नको. मग पोहण्याचा प्रश्न कधी नव्हताच. प्रश्न माझाच होता.

२० फेब्रुवारी

पुलावर गेले नाही.

२१ फेब्रुवारी

नाही गेले. नवऱ्याला बोटीबद्दल विचारलं. म्हणाला, मी येईन, पण मला बस लागते, होडी लागते, एकदा झोपाळाही लागला होता. तू ताईलाच पटव.

२३ फेब्रुवारी

आजोबा नवा चष्मा न्यायला आले. जाड काचा, नाकावर ओझं होतंय म्हणाले. दाखल्यासाठी तक्त्यासमोर बसवलं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी शेवटची ओळ उजवीकडून डावीकडे वाचली, एकेक अक्षर, सावकाश, मध्ये एकदा चुकून. चूक दुरुस्त करून माझ्याकडे बघून हसले. मी सही केली. ते गेले. दुकान रिकामं होतं. मी त्यांच्या खुर्चीत बसून राहिले, तक्त्यासमोर.

उलट वाचायला सांगितल्याशिवाय कळत नाही. एकोणीस वर्षं लोकांना हे सांगते आहे.

पूल थांबत नाही. झिजलेले पट्टे. तुला माहीत आहे ना, मग भर. वर आलं की सोडायचा. आपल्यासाठी. कोरडा फ्रॉक. पायरी. तुला पोहता येत नाही तोवर तू माझ्याबरोबर यायचं नाहीस.

आणि त्याच्याही आधी, ओळीच्या अगदी सुरुवातीला, एक ठसकेबाज आवाज. आमच्या ताईला येतं.

तो माझा होता.

एक गिऱ्हाईक आलं, काचेवर ओरखडा पडलाय म्हणून. मी त्यांना चुकून ताई म्हटलं.

२४ फेब्रुवारी

पुलावर गेले. सहा वेळा रुंदी. बाईंना विचारलं, एक्कावन्नाव्या वर्षी शिकता येतं का? त्या म्हणाल्या, आमच्याकडे एकोणसत्तरच्या बाई शिकून गेल्या. अवघड वयाचं नसतं. ज्यांना येत नाही असं सगळ्यांना माहीत असतं, त्या लवकर शिकतात.

मी विचारलं, आणि ज्यांना येतं असं सगळ्यांना माहीत असतं त्या?

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. म्हणाल्या, त्यांना मी सहा वाजता बोलावते, बाकीच्या यायच्या आधी.

२७ फेब्रुवारी

फॉर्म समोर आहे. परवा पाठवायचा. ताईच्या रकान्यातलं 'होय' शाईत आहे. खोडलं तर मी छत्तीस वर्षं तिच्या वतीने देत आलेलं उत्तर खोडेन. तिला न विचारता ते दिलं होतं, आता न विचारता खोडायचाही मला अधिकार नाही.

तिला सांगायचं तरी कसं? 'मला कळलं' असं म्हटलं तर ती दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी हवापाण्यावर बोलेल. तिला कोणी कधी 'तुला येतं का?' असं विचारलंच नाही. तिच्याबद्दल नेहमी दुसऱ्याला विचारलं गेलं आणि त्याने परस्पर सांगून टाकलं. त्या पायरीवर ती संध्याकाळपर्यंत बसली होती तेव्हा तरी मी उठून विचारायला हवं होतं, गेली का नाहीस? मी तोंड फिरवून झोपले होते. तिला वाटलं असेल, ही बुडण्यापेक्षा रुसलेली बरी.

फोनवर ती माझं वाक्य संपू देणार नाही. म्हणून लिहिते आहे. इथे कच्चं लिहून घेते, मग चांगल्या कागदावर, आणि दुपारच्या आत तिच्या ऑफिसच्या टपालपेटीत. काय होईल ते माहीत आहे. ती चिठ्ठी घडी घालून आराखड्यांखाली ठेवेल आणि म्हणेल, सकाळी साइट असते. तरीही.

ताई,

चौथं बेट माझं होतं, ते मी तुझ्याबरोबर वाटून घेते. अर्धं तुझं. पण घाई नाही. बोटवाल्याला विचारलं, पुढच्या एप्रिललाही जागा असतात. तपासणी खरी असेल तर कर. फॉर्म मी पाठवलेला नाही. तुझ्या नावापुढचा शेवटचा रकाना तू स्वतःच्या हाताने भर, जे असेल ते.

होडीच्या दिवशी होडीवाल्याने विचारलं ते तुला होतं, उत्तर मी दिलं. चुकलं माझं. आईने पायरीचं सांगितलं.

तेव्हा तू मला एक अट घातली होतीस, आता मी तुला घालते: तुला पोहता येत नाही तोवर मी तुझ्याशिवाय कुठल्याही बोटीत चढणार नाही.

शनिवारी सकाळी सहाला ये. तेव्हा तिथे बाई आणि मी, बाकी कोणी नसतं. पाणी छातीपर्यंतच आहे. फक्त बुडबुडे सोडायचे. टोपी मी आणते, टॉवेल तुझा आण. तुझं केशरी जॅकेट घालून आलीस तरी चालेल, मी कोणाला सांगणार नाही, आईला तर नाहीच.

पुलावर ये. तुझ्या नव्हे, माझ्या. येशील?